काजवालीचं बोलणं

माझी थोरली बहीण काजं करायची. शर्टाचं बटण ज्या भोकातून जातं, कडेनं दोऱ्यानं बांधलेलं, ते काज. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं काजांच्या मशीनवर घालवली. शाळेचे, इस्पितळाचे, बँडवाल्यांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश; सगळ्यांच्या छातीवरची भोकं हिच्या हातची. कारखान्यात तिला नावानं कोणी हाक मारत नसे, काजवाली म्हणत. मी ताई म्हणायची आणि ती मला धाकटे म्हणायची.

त्या हॉलमध्ये मशीनचा आवाज असा, की शेजारची बाई ओरडली तरी ऐकू येत नसे. बायका हातवाऱ्यांनी बोलत. ताई तेही फारसं करायची नाही. घरीसुद्धा तिचं बोलणं म्हणजे "हो", "बघू" आणि "राहू दे". एवढ्या तीन शब्दांत तिनं संसार केला असं मी म्हटलं, तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

नवरा मात्र बोलका मिळाला. भाऊजी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकच गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली. दिवसभर "क्लच, क्लच! आरशात बघा! अहो, तो खांब हलणार नाही, तुम्हीच हला!" असं ओरडून घसा बसला तरी घरी आल्यावर त्यांचं चालूच. माणूस लाघवी. मदतीला धावणारा. पण समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची खोड होती, आणि ताईचं तर सुरू व्हायच्या आत पुरं करत. डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय होतंय?" की हे सांगणार, "उजव्या खांद्यात कळ येते." ताई मान डोलवणार. कधीकधी दुखणारा खांदा डावा असायचा. ताई घरी येऊन मलम डाव्या खांद्याला लावायची आणि विषय संपायचा.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. हुशार पोर. शिकून एका कंपनीत लागली. आजारानं ज्यांची वाचा जाते, त्यांच्यासाठी ही कंपनी बोलणारी यंत्रं बनवायची. एका दांड्यावर बसवलेला पडदा, त्यात डोळे टिपणारा कॅमेरा. माणसानं पडद्यावरच्या वाक्याकडे रोखून पाहिलं, की यंत्र ते वाक्य मोठ्यानं बोलायचं. इंटरनेटनं ते कायम कंपनीशी जोडलेलं असायचं.

भाची यंत्र बनवत नसे. ते कसं विकायचं, हे ठरवणं तिचं काम. एकदा माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं, नेमकं करतेस काय. ती म्हणाली, "मावशी, यंत्र सगळ्यांचं एकच असतं. आत सगळंच असतं. कोणाला काय उघडं ठेवायचं आणि कुठे कुलूप घालायचं, तेवढं आम्ही ठरवतो."

"म्हणजे असून नसल्यासारखं?"

"पैसे भरले की असल्यासारखं," ती हसून म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. साध्या प्लॅनमध्ये साठ ठरलेली वाक्यं. पाणी हवं. दुखतंय. कूस बदला. धन्यवाद. ती यंत्राबरोबर कायमची. वरचा मोकळा प्लॅन. त्यात सगळी अक्षरं उघडी. माणूस डोळ्यांनी एकेक अक्षर जुळवून हवं ते बोलणार, पण दरमहा पैसे भरून. पहिले तीन महिने मोकळा प्लॅन फुकट. "चटक लागली की लोक सोडत नाहीत," ती म्हणाली. ती हे निर्लज्जपणे म्हणाली असं मला वाटलं नाही. तिच्या कंपनीच्या आधी दुसरी एक कंपनी अशी यंत्रं एकरकमी विकायची. ती बुडाली आणि सगळ्यांची यंत्रं एका फटक्यात मुकी झाली, कारण मागे सांभाळायला कोणी उरलंच नाही. दरमहा येणाऱ्या पैशांवर कंपनी टिकते आणि कंपनी टिकली तर यंत्रं टिकतात, हे तिचं म्हणणं मला पटलं होतं. मास्तरांना मात्र पटलं नव्हतं. "आमच्याकडे लायसन माणसाला मिळतं," ते म्हणाले होते, "एकदा काढलं की बरीच वर्षं बघायला नको. तुमचं लायसन दर महिन्याला शिळं कसं होतं?"

ती साठ वाक्यं भाचीनंच लिहिलेली होती, एका नर्सबाईंना मदतीला घेऊन.

ताईच्या हातातून कापड निसटायला लागलं, तेव्हा आम्हाला वाटलं, वय झालं. मग तिची जीभ जड झाली. मास्तर सवयीनं तिची वाक्यं पुरी करत होते, त्यामुळे तिचं बोलणं बोबडं होतंय हे घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनीच एकदा मास्तरांना हातानं थांबवलं आणि म्हणाले, "त्यांना बोलू द्या." ताई बोलली आणि एकही शब्द धड उमटला नाही. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप हळूहळू बंद होतात, असा तो आजार. हात, पाय, जीभ, गिळणं सगळं जातं. डोळे बहुधा शेवटपर्यंत राहतात. डोकं लख्ख राहतं. डॉक्टरांनी हे शेवटचं वाक्य दिलासा म्हणून सांगितलं.

बोलणं पुरतं गेल्यावर मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. मी एकेक अक्षर दाखवायचं, हवं ते आलं की तिनं डोळे मिटायचे. आपली लिपी अशा कामाला फार छळते. क सापडला, की काना का वेलांटी, मग अनुस्वार आहे का नाही. दुसऱ्या शब्दाला ती दमून जायची. मास्तर पहिल्याच अक्षराला ओरडायचे, "पाणी! पंखा! पाय चोळू?" ताई कुठल्या तरी एकाला डोळे मिटायची. मला वाटतं, नुसती सुटका व्हावी म्हणून.

मग यंत्र आलं. ते विम्यातून मिळालं आणि भाचीनं स्वतः येऊन पलंगाशी बसवलं. आम्ही तिघं भोवती उभे. पडद्यावर सगळी अक्षरं उघडी. ताईच्या बुबुळांबरोबर एक निळा ठिपका अक्षरांवरून फिरत होता. मास्तर म्हणाले, "म्हण, नमस्कार म्हण. नाहीतर माझं नाव घे."

ठिपका बराच वेळ फिरला. मग बातम्या देणाऱ्या बाईसारखा एक स्वच्छ आवाज आला, "तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतो."

आम्ही पोट धरून हसलो. मास्तर सगळ्यांत जास्त हसले आणि बाजूला झाले.

पुढचे दोन-अडीच महिने मी रोज दुपारी तिच्याकडे जायची आणि घरी येताना माझं डोकं भणभणलेलं असायचं. ही माझी बहीण? हिला एवढं बोलायचं होतं? यंत्राच्या आवाजावरच तिनं पहिल्यांदा शेरा मारला, "ही बाई फार शिकलेली वाटते. मला उगाच भारी वाटतं." मग कारखान्याच्या गोष्टी. एकदा म्हणे बँडवाल्यांच्या सगळ्या कोटांना काजं उलट्या बाजूला पडली होती. हिला पहिल्याच कोटाला कळलं होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस गं?" तर म्हणाली, "सुपरवायझर म्हणाला होता, डोकं चालवू नका, मशीन चालवा. मग चालवलं." आणि तिचे डोळे असे काही चमकले, की मला ते हसणं ऐकू आलं. शेजारच्या बाई येऊन बसायला लागल्या. तिच्या कारखान्यातल्या दोघी रविवारी यायच्या. आयुष्यभर शेजारी बसून त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता, आता हा परका आवाज ऐकून त्या हसून हसून डोळे पुसायच्या.

तिचं एक वाक्य जुळायला वेळ लागायचा. तेवढा वेळ खोलीत कोणी बोलायचं नाही, असा नियम आपोआप पडला. सगळ्यांना जमला, फक्त मास्तरांना नाही. तिनं 'खि' लिहिलं, की हे उठून खिडकी उघडणार. एकदा ठिपका गरगर फिरला आणि बातम्यांची बाई म्हणाली, "मध्ये बोलू नका. मी 'खिचडी झाली डोक्याची' असं म्हणणार होते." मास्तर खुर्चीत बसले आणि हाताची घडी घालून गप्प राहिले. ते त्यांना किती जड जात होतं हे दिसत होतं.

आणि हेही सांगायला हवं, की तिचं सगळं तेच करत होते. भरवणं, कूस बदलणं, अंघोळ घालणं, केस धुणं. बाई ठेवू म्हटलं तर ऐकेनात. कोणाला सांगितलं नाही, पण ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी सकाळपुरतंच ठेवलं होतं.

एका संध्याकाळी त्यांचे जुने स्नेही आले, बर्फाच्या कारखान्याचे मालक. चहा आला. जुने दिवस निघाले. मास्तर रंगात आले आणि त्यांनी एक गोष्ट काढली, जी आम्ही अनेकदा ऐकली होती. ताईच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी एकदा दुसऱ्या शहरात नवा विभाग काढला होता. तो ताईनं सांभाळावा म्हणून त्या स्वतः घरी विचारायला आल्या. मुलीची शाळा, राहायला जागा, सगळं बघू म्हणाल्या. "पण हिचं मन घरात!" मास्तर म्हणाले. "म्हणाली, मला नाही जायचं. पगार दुप्पट असून! आता बोला."

निळा ठिपका फिरायला लागला होता. मास्तरांचं बोलून झालं, तरी तो फिरतच होता. आम्ही थांबलो. मालकांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मला जायचं होतं," तो स्वच्छ आवाज म्हणाला. "तुम्हीच दारात त्यांना नाही म्हणालात. मी आत उभी होते. साडी बदलत होते, बाहेर येऊन हो म्हणायला."

मालक थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून उठले. मास्तर त्यांना सोडायला दारापर्यंत गेले, परत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

ठिपका थोडाच फिरला. "विचारलं कोणी?"

त्यानंतर तिनं काही भांडण काढलं नाही. पण मास्तर कुठलीही जुनी आठवण सांगू लागले, की ती म्हणायची, "तसं नव्हतं." आणि कसं होतं ते सांगायची. रागानं नाही. उलटं पडलेलं काज दुरुस्त करावं तसं. भाचीच्या शाळेबद्दल, सासूबाईंच्या आजारपणाबद्दल, विकलेल्या जमिनीच्या तुकड्याबद्दल. मास्तरांना वाटलं असेल, आपण ज्या घरात राहिलो ते घर भलतंच होतं. दुपारी मी आले, की ते खाली जाऊन आपल्या गाडीत बसू लागले. गाडी बंद, काचा वर, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. मी वरून बघायची.

मग मध्ये मी तापानं आठवडाभर घरीच पडले. परत गेले, तेव्हा ताई बदललेली. मी विचारलं, "कशी आहेस?" यंत्र म्हणालं, "मी ठीक आहे." मी कारखान्यातलं काहीतरी विचारलं. "धन्यवाद." मास्तर दारातून म्हणाले, "डोळे दुखतात तिचे. जरा आराम देतोय." मला ते खरंच वाटलं.

थोड्या वेळानं यंत्र म्हणालं, "उघडा."

मी खिडकी उघडली. "नाही." दार उघडलं. "नाही." कपाट उघडलं, एकेक खण दाखवला. "नाही. उघडा." गाऊनचं गळ्याजवळचं बटण सोडलं. "नाही." तोच आवाज, तोच सूर, प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदाच म्हणतेय असा. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाणी आलं, की कॅमेऱ्याला डोळा नीट दिसत नाही, म्हणून मी सारखं पुसत होते. "उघडा. जवळ या. उघडा."

मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी पलंगावर बसले, वाकले आणि तिच्या उशीवर तिच्या गालाला गाल लावून डोकं टेकलं. ती जे बघत होती, ते पहिल्यांदा मी बघितलं. डावीकडे ती साठ वाक्यं. उजवीकडे सगळी अक्षरं, पण पुसट, राखाडी, आणि त्यांच्यावर एक पिवळं कुलूप. खाली लिहिलं होतं, 'आणखी बोलायचंय? आजच प्लॅन वाढवा.'

ती दिवसभर ते वाचत होती. पडद्यासमोरून तोंड फिरवायलाही तिला मान हलवता येत नव्हती.

मी भाचीला फोन लावला. माझा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, असा निघाला असावा. ती म्हणाली, "मावशी, थांब, फोन ठेवू नकोस." मी फोन कानाशी धरून उभी होते, आणि ती तिकडे ऑफिसात बसून काहीतरी दाबत होती. कुलूप गेलं. अक्षरं एकदम काळीभोर झाली. किती सोपं होतं ते.

संध्याकाळी भाची धावत आली. मास्तर खोलीच्या कोपऱ्यात उभे. ताईचा ठिपका फिरला. "कोणी बंद केलं?"

"कंपनीचं काहीतरी असतं गं," मास्तर म्हणाले. "मुदत असते."

"माझ्याकडून राहिलं, आई," भाची म्हणाली. "कामाच्या गडबडीत. चुकलं माझं."

ताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग डावीकडच्या वाक्यांमधलं एक बोलली. "धन्यवाद."

खरं काय झालं होतं, ते भाचीनं मला त्याच रात्री जिन्यात उभं राहून सांगितलं. तीन महिने संपत आले होते. ती पैसे भरणारच होती, तिला ते जड नव्हतं. पण मास्तरांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाले, "लगेच नको भरूस. थोडे दिवस जाऊ दे. मला जरा श्वास घेऊ दे." बाबांना असं काही मागताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं, चार दिवस. चार दिवसांनी काय होतंय?" आणि मग थांबून म्हणाली, "ते खालचं वाक्य मी लिहिलंय, मावशी. 'आणखी बोलायचंय?' वाचून लोकांना हुरूप यावा म्हणून."

मी जिना उतरून घरी गेले.

त्या दिवसापासून अक्षरं उघडी होती आणि ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. पाणी हवं. कूस बदला. दिवा बंद करा. मी ठीक आहे. भाची पलंगाशी बसून हात जोडायची, "आई, बोल ना गं. शिव्या दे मला. सगळं उघडं आहे, बघ." ताई म्हणायची, "धन्यवाद." इतका सभ्य शब्द असा लागतो, हे मला माहीत नव्हतं.

मास्तरांनी गाडीत बसणं सोडलं. ते रोज दुपारी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसत आणि खरोखर गप्प बसत. एकदा माझ्यादेखत विचारलं, "त्या नव्या विभागात काय काम असणार होतं तुला? सांग ना." आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच विचारून थांबले. ठिपका अक्षरांवर गेला, थोडा घुटमळला. मास्तर पुढे झुकले. मग ठिपका डावीकडे परतला. "दिवा बंद करा." दिवसाउजेडी दिवा चालू नव्हताच. मास्तर उठले, बटणापर्यंत गेले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

मला राहवेना. एक दिवस दोघंही बाहेर गेलेले पाहून मी विचारलं, "ताई, राग आहे का त्यांच्यावर?"

कितीतरी दिवसांनी ती अक्षरांकडे वळली.

"राग नाही. स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे. मी ऐकलं होतं."

मग बरंच थांबून, "परत बंद केलं तर? आधी कधी बोललेच नव्हते, तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. ते दिवस परत नको. त्यापेक्षा माझं मीच बंद ठेवते."

मी तिचे पाय चोळत बसले. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि मला तर सगळी अक्षरं फुकट होती.

हे मी भाचीपासून लपवलं नाही. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात एक कागद घेऊन आली. आईच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "दहा वर्षांचे पैसे एकदम भरलेत. दहा वर्षं हे कोणी बंद करू शकत नाही. मी नाही, बाबा नाही, कंपनीही नाही. लिहून घेतलंय."

ताईनं कागद वाचला. ठिपका अक्षरांवर गेला. "दहा वर्षं? एवढी मी कुठे टिकते. अर्धे पैसे परत माग."

भाची हसली आणि त्याच हसण्यात मोठ्यानं रडायला लागली. ताई तिच्याशी बोलू लागली, थोडं थोडं. पण पहिल्यासारखं नाही. गोष्टी सांगणारी, शेरे मारणारी ती बाई परत आली नाही. आणि मास्तरांशी साठ वाक्यांपलीकडे एक शब्द नाही.

एकदाच. मास्तर तिचे केस धुवत होते. पलंगाच्या कडेला घमेलं, तिच्या मानेखाली टॉवेल, आणि यंत्र तिच्या डोळ्यांवर येईल असं वर सरकवलेलं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. थोड्या वेळानं मास्तर साबणाच्या हातांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "छान म्हणाली."

"काय?"

"पाणी छान आहे, असं. 'छान' त्या साठांत नाही. मी सगळी पाठ केलीयत." फेस कोपरापर्यंत ओघळला होता. "तिनं लिहून म्हटलं."

ते लगेच परत आत गेले, पाणी गार होईल म्हणून.

भाचीनं कंपनीत विषय काढला. अक्षरांना कधीच कुलूप नसावं. आवाज विका, गाणी विका, दुसरं काय हवं ते विका, एवढंच तिचं म्हणणं. तिचे साहेब चांगले गृहस्थ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या आईची चौकशी केली आणि म्हणाले, "अक्षरंच मोकळी दिली तर लोक दुसरं काय घेणार? आणि कोणी घेतलं नाही, तर ती साठ वाक्यं तरी कोण चालू ठेवणार?" तिनं आकडे मांडून पाहिले होते, तेही साहेबांच्याच बाजूचे निघाले होते. शेवटी एवढं झालं, की मुदत संपल्यावर एक महिना सवलतीचा मिळू लागला आणि कुलपाखालचं ते वाक्य काढलं. आता तिथे नुसतं कुलूप असतं. मी म्हटलं, "सोड ही नोकरी." ती म्हणाली, "माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल, मावशी. ते हा महिनाही ठेवणार नाहीत."

थंडी सुरू झाली आणि ताईच्या छातीत कफ धरला. पापण्या जड झाल्या होत्या. कॅमेऱ्याला तिची नजर सापडेना. ठिपका एखाद्या अक्षराशी जायचा आणि थरथरून पडायचा. इस्पितळात यंत्र नेलं होतं, पण तिथे ते बहुतेक वेळ गप्पच राहिलं. शेवटच्या सकाळी आम्ही तिघंही होतो. तिनं कोणासाठी काही निरोप ठेवला नाही. मास्तर तिचा हात धरून बसले होते आणि डॉक्टर येऊन सांगून गेले, तरी बराच वेळ तसेच बसून राहिले, जणू तिचं वाक्य अजून जुळायचं आहे.

मास्तर पुन्हा शिकवायला गेले, पण ते जमेना. शिकाऊ मंडळी तक्रार करू लागली, की मास्तर काही सांगतच नाहीत. गाडी खांबाशी गेली, की तेवढा ब्रेक दाबतात. मग त्यांनी गाडी विकून टाकली. मी जाते अधूनमधून. ते मला विचारतात, "तू कशी आहेस?" आणि गप्प बसून ऐकतात. मला हे इतकं अवघड होतं, की मी काहीतरी थोडक्यात सांगून उठते.

यंत्र ताईचं नव्हतंच. वापरण्यापुरता परवाना होता, तो तिच्याबरोबर संपला. कंपनीनं ते परत घेतलं, पुसून कोरं केलं आणि पुढच्या रुग्णाला द्यायचं ठरवलं. भाची म्हणाली, मी स्वतः बसवून येते. मला म्हणाली, "तू चल ना बरोबर."

एका सुताराचं घर होतं. अंगणात अर्धवट केलेली खुर्ची तशीच पडलेली, तिच्यावर भुसा. आतल्या खोलीत तो माणूस उशांना टेकून बसला होता, दणकट हात मांडीवर नुसते ठेवलेले. बायको आमच्यामागे मागे फिरत होती. भाचीनं दांडा बसवला, पडदा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणला. यंत्र सुरू करायच्या आधीच तिनं त्या बाईंना समोर बसवून सांगितलं, "पहिले तीन महिने सगळं उघडं असेल. त्यानंतर एक महिना सवलतीचा, मग अक्षरं बंद होतात. पैसे भरायचे की नाही, ते आत्ताच ठरवा. हे बोलायला लागल्यावर नका ठरवू." तिचे साहेब हे ऐकते, तर त्यांना आवडलं नसतं.

बाईंना त्यातलं निम्मं कळलं असेल. त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे आता बोलतील?"

"हो," भाची म्हणाली. "बोलतील."

निळा ठिपका अक्षरांवर हलायला लागला होता. भाची खाली वाकून दांड्याचा स्क्रू आवळत राहिली. तो केव्हाच घट्ट बसला होता.